थांब, घड्याळ थांबवतो

बापूने साताऱ्यात पीबी मारला. अकरा सेकंदांनी. गेल्या वर्षी 2 तास 14 मिनिटं 19 सेकंद, यंदा 2:14:08. पीबी म्हणजे पर्सनल बेस्ट, धावणाऱ्याची स्वतःची सर्वांत चांगली वेळ, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही गल्लीत नाहीतर सासरवाडीत असा एक जण उगवलेला असणारच. माझ्या आईने मात्र पीबीचा बीपी ऐकला आणि त्याला मीठ कमी करायला सांगितलं. तो तेव्हा धावताना खायच्या मिठाच्या गोळ्या मोजत होता.

बापू पतसंस्थेत आहे. सहकारात वाढलेला माणूस, त्यामुळे दिवसभर काम थांबलं तरी घड्याळ चालू असतं. पहाटे नेमकं उलटं. पहाटे बापू बोलत असतो आणि घड्याळ थांबलेलं असतं.

नगरच्या सावेडीतून पाच वाजता निघतो. भिस्तबाग चौकात दूधवाला भेटतो. ‘‘थांब, घड्याळ थांबवतो.’’ मनगटावरचं बटण दाबून भेसळ, फॅट, सोसायटीची निवडणूक असे तीन विषय होतात. पुन्हा बटण. पुढे कोणी आजारी, कोणाच्या पोरीचं जमलेलं, कोणाचा प्लॉट अडकलेला. घरी परततो सव्वाआठला, पण घड्याळात एक तास दोन मिनिटं. बायको म्हणते, ‘‘मग उरलेले दोन तास कुठं होतात?’’ बापू म्हणतो, ‘‘ते मोजायचे नसतात.’’

एकदा अंत्ययात्रा आडवी आली. घड्याळ थांबवलं, खांदा दिला, चौकापर्यंत गेला, परत आला, चालू केलं. त्या दिवसाचा पेस किलोमीटरला सहा-दहा.

चांदबिबी महालाच्या चढावर तर विचारूच नका. नवखा धावणारा सोबत असला की बापू वर पोचल्यावर बटण दाबतो आणि हा चांदबिबीचा महाल नसून सलाबतखानाची कबर आहे, हे पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत समजावतो. नवख्याचं अंग गार पडतं, पोटऱ्या धरतात. बापूचा पेस शाबूत. भुईकोट किल्ल्याभोवती फेऱ्या मारायच्या दिवशी नेहरूंचा विषय निघतो. 1942 ते 1945 ते इथं कैदेत होते, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच लिहिलं, वगैरे. मी एकदा म्हणालो, ‘‘त्यांच्याकडे तुझं घड्याळ असतं, तर सगळी कैद पंधरा मिनिटांत आटोपली असती.’’ तो हसला नाही. घड्याळावर त्याला विनोद चालत नाहीत.

त्याचा देव अविनाश साबळे. मांडवा आष्टी तालुक्यात, आष्टी बीड जिल्ह्यात; पण बापूच्या नकाशात ते नगरचंच उपनगर आहे. ‘‘आपल्या शेजारचा पोरगा! 2020, दिल्ली हाफ मॅरेथॉन, एक तास तीस सेकंद. एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय!’’ म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आता एवढ्या वेळात साबळेने कोणाशी काय बोलावं? दूधवाल्याला नुसता हात करायचा म्हटलं तरी दूधवाला मागे पडलेला.

शर्यतीत पंचाईत अशी, की छातीवरच्या बिबाला चिप असते. आरंभरेषेच्या चटईवर पाय पडला की वेळ सुरू, शेवटच्या चटईवर बंद. मध्ये कितीही बटणं दाबा, चिपला माणुसकी नाही. म्हणून बापूचा सराव आणि निकाल यांचं कधीच पटत नाही. भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग आहे. 2024 साली शहराचं अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पत्ता बदलला, वेळ तीच. पीबीचे मात्र त्याने पोटविभाग पाडलेत. पुण्याचा डिसेंबरातला वेगळा, पावसातला वेगळा, लग्नानंतरचा वेगळा. हंगाम उघडतो तो साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनने. पावसाळा अजून सरलेला नसतो आणि समोर यवतेश्वरचा घाट. तिथे अकरा सेकंद म्हणजे, बापूच्या शब्दांत, ‘‘सपाटीवरची चार मिनिटं धर.’’ मी धरली. सुटका नव्हती.

आता नाइलाजाने एक गोष्ट सांगतो. साताऱ्याच्या तीन आठवडे आधी आमच्या अण्णांना रात्री दवाखान्यात हलवलं. पहाटे मी पायऱ्यांवर बसलो होतो. रविवार, म्हणजे बापूच्या लांब पल्ल्याचा दिवस. त्याला कोणी कळवलं ठाऊक नाही. घामाने निथळत, अर्ध्या चड्डीवर आला आणि शेजारी बसला. काही बोलला नाही. बापू! काही बोलला नाही! डॉक्टर बाहेर येईपर्यंत त्याच्या मनगटावर हिरवे आकडे पळत होते. मीच म्हणालो, ‘‘बापू, घड्याळ.’’ त्याने पाहिलं. म्हणाला, ‘‘चालू दे.’’

संध्याकाळी अ‍ॅपवर त्याची नोंद आली. नऊ पूर्णांक दोन किलोमीटर, तीन तास बारा मिनिटं. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, ‘‘बैलगाडीत बसला होता काय?’’ बापूने लिहिलं, ‘‘घड्याळ बिघडलंय.’’

अण्णा आता घरी आहेत. त्या रविवारी पायांना विश्रांती मिळाली म्हणूनच पीबी आला, असा बापूचा सिद्धांत आहे. त्यामुळे अकरा सेकंदांचं श्रेय तो अण्णांना देतो आणि द्यायला रोज येतो. अण्णांना अजून उठायची परवानगी नाही, ही त्याच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. परवा खुर्ची कॉटजवळ ओढून त्याने साताऱ्याची शर्यत पोलीस परेड ग्राउंडपासून सांगायला सुरुवात केली. आईने चहा आणला, तर ‘‘थांबा काकू, आठव्या किलोमीटरला घेतो.’’ घाटाच्या वळणावर अण्णांचा डोळा लागला. बापूच्या लक्षात आलं. त्याने आवाज बारीक केला; पण उताराचे साडेदहा किलोमीटर काही सोडले नाहीत.