उभयमान्य पेनड्राइव्ह: एक अल्पप्रबंध

प्रस्तुत प्रबंधाचा विषय पेनड्राइव्ह हा आहे. पण ज्याच्यातून सेतूचे फॉर्म, हळदीच्या समारंभाचे फोटो आणि शेजारच्या दुकानातले व्हायरस गावभर फिरतात, तो सर्वसामान्य पेनड्राइव्ह या शास्त्राच्या कक्षेबाहेर आहे. येथे विचार करायचा तो बूटेबल, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करून विंडोज चढवता येते अशा, पेनड्राइव्हचा, आणि त्यातही अशा एकाच पेनड्राइव्हचा, जो २००८ सालच्या असेंबल्ड डब्यालाही मान्य व्हावा आणि गेल्या दिवाळीत घेतलेल्या लॅपटॉपलाही.

संशोधनक्षेत्र म्हणून उमरखेडची निवड विचारपूर्वक केली आहे. पुण्या-मुंबईत संगणक जुना झाला की भंगारात जातो; तालुक्याच्या गावी त्याची बदली होते. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावरून तो वडिलांच्या कृषी सेवा केंद्रात जातो, तेथून झेरॉक्सच्या दुकानात, आणि सेवानिवृत्तीचे वय उलटून गेल्यावरही सातबारा छापत राहतो. त्यामुळे दुरुस्तीच्या टेबलावर पंधरा वर्षांचे अंतर असलेली दोन यंत्रे एकाच दुपारी शेजारी बसलेली आढळतात, आणि दोघांचे मालक "आजच पाहिजे" असे म्हणून गेलेले असतात.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे. ते ओढूनताणून आणले आहे हे वाचकाच्या ध्यानात येईलच, तरी ते सोडवत नाही. १८५३ साली वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेले आणि पैनगंगा ही सरहद्द झाली: अलीकडे, म्हणजे उमरखेडच्या बाजूला, इंग्रजी कारभार, पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचे राज्य. १९०२ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमचे घेतले. अलीकडे कलदार रुपया चाले, पलीकडे हाली सिक्का. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर दर ठरला तो सात हालीला सहा कलदार, आणि हाली १९५९पर्यंत टिकून होता. अशा मुलखात नदी ओलांडून बाजार करणाऱ्याने सोयीस्कर मार्ग कोणता धरावा? दोन्ही नाणी वेगवेगळ्या खिशात ठेवावी, आणि समोरचा जे मागेल ते काढून द्यावे. आमचा सिद्धान्त एवढाच आहे. उभयमान्य पेनड्राइव्ह जुन्या-नव्याचा समन्वय करीत नाही. तो दोन खिसे बाळगतो.

आता पूर्वपक्ष. जुन्या संगणकाचा अधिष्ठाता बायोस. त्याची परंपरा १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आली आहे आणि त्याची जिज्ञासा फार मर्यादित आहे. तो पेनड्राइव्हचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलतो. शेवटचे दोन बाइट '५५ एए' आहेत का एवढे पाहतो. असतील तर सारा कारभार त्या मजकुराच्या हवाली करून मोकळा होतो. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही. १९८३च्या पीसी डॉस २.० पासून या ५१२ बाइटांची वाटणी ठरून गेली आहे: ४४६ बाइट सूचनांना, ६४ बाइट विभागांच्या यादीला, २ बाइट खुणेला. यादीत चारच नोंदी मावतात. ४४६ म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून आम्ही हिशेब केला. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे काना-मात्रा वेगळ्या मोजल्या तर १४८ चिन्हे. एवढ्या जागेत लग्नपत्रिकेतील प्रेषकांची नावेसुद्धा संपत नाहीत. संगणक मात्र तेवढ्यात जागा होतो.

उत्तरपक्ष म्हणजे यूईएफआय. इंटेलने आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी जे आरंभिले, ते २००५ साली यूईएफआय फोरमच्या हाती गेले. हा पंथ शिकलेला. त्याला फाइली मांडण्याची फॅट३२ ही पद्धत वाचता येते. पहिल्या सेक्टरातील त्या ४४६ बाइटांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तो 'ईएफआय' नावाचे फोल्डर उघडतो, त्यातले 'बूट' उघडतो, आणि 'बूटएक्स६४.ईएफआय' ही फाइल शोधतो. सापडली तर चालवतो. नाही सापडली तर पेनड्राइव्ह जणू लावलाच नाही, असे वागतो.

येथेच सिद्धान्ताची गुरुकिल्ली आहे. जुना जेथे पाहतो तेथे नवा पाहत नाही, आणि नवा जेथे पाहतो तेथपर्यंत जुन्याची दृष्टी पोचत नाही. म्हणून एमबीआर पद्धतीची, म्हणजे त्या चार नोंदींच्या यादीची, विभागणी करावी, फॅट३२चा एक विभाग पाडून तो 'अॅक्टिव्ह' ठेवावा, पहिल्या सेक्टरात जुन्याचा मजकूर लिहावा आणि फोल्डरात नव्याची फाइल ठेवावी. नव्या पंथाच्या नियमांत जुनी यादी वाचण्याची मुभा आहेच. काही उत्साही विद्यार्थी येथे जीपीटी ही विभागणीची नवी पद्धत निवडतात. जीपीटीतही पहिल्या सेक्टरात एमबीआरची एक नाममात्र नोंद असते. वऱ्हाडावर निजामाची मालकी जशी कागदोपत्री राहिली होती, तशी. डिस्क रिकामी समजून जुन्या प्रोग्रामने तिच्यावर हात मारू नये, एवढाच तिचा उपयोग. तिच्या भरवशावर जुना डबा विंडोज चढवून घेत नाही.

यावर एक आक्षेप खरोखर गंभीर आहे. फॅट३२मध्ये एका फाइलचा आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपलीकडे जात नाही, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. विंडोजच्या हल्लीच्या प्रतींतील 'इन्स्टॉल.विम' ही फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. विभाग एनटीएफएस या दुसऱ्या मांडणीचा करावा तर यूईएफआयला एनटीएफएस वाचण्याचे बंधन नाही. यातून दोन संप्रदाय निघाले. एक त्या फाइलचे तुकडे करतो. विंडोजला ते तुकडे चालतात. दुसरा, म्हणजे रुफस हा प्रोग्राम, मोठा विभाग एनटीएफएसच ठेवतो आणि शेजारी एक चिमुकला फॅट विभाग पाडून त्यात एनटीएफएस वाचणारा ड्रायव्हर बसवतो. २०२०पासून व्हेंटॉय हा तिसरा मार्गही आहे: पेनड्राइव्ह एकदा तयार करायचा, मग त्यात आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, आणि जुना-नवा दोघेही खूश. आम्ही स्वतः व्हेंटॉयच वापरतो. पण त्यावर प्रबंध लिहिता येत नाही, कारण ते चालते.

प्रयोगविधीत कोणती कळ दाबायची, यावर मतभेद आहेत. डेल आणि लेनोवो एफ१२, एचपी एफ९, आसूस एफ८, एमएसआय एफ११. असेंबल्ड डब्याच्या बाबतीत सर्व कळा एका बोटाने ओळीने बडवणे हाच शिष्टाचार. जुन्या बायोसात पुढे 'यूएसबी-एफडीडी', 'यूएसबी-झिप' आणि 'यूएसबी-एचडीडी' असे पर्याय येतात. झिप ड्राइव्ह आयोमेगाने १९९४ साली काढली. ती उमरखेडात कुणी पाहिली असेल असे वाटत नाही, तरी नाव मेनूत आहे. त्यातच सीआर२०३२ बॅटरी संपलेली असली, तर घातलेला क्रम पुढच्या वेळी यंत्र विसरते आणि तारीखही मागे नेते.

नव्या यंत्रांत वेगळाच पेच पडतो. ज्यांच्यात दोन्ही पद्धती चालू आहेत, त्यांच्या मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसत्या नावाने, एकदा आधी 'यूईएफआय' लावून. वस्तू एक की दोन, या प्रश्नावर आपल्याकडे पूर्वीपासून बराच विचार झालेला आहे. दुकानातला पोरगा मात्र वरचे नाव निवडतो. परिणाम अर्ध्या तासाने कळतो. वरचे नाव यूईएफआयचे निघाले तर त्या नावाने शिरलेली विंडोज हार्डडिस्कही जीपीटीच मागते, आणि ती एमबीआरची निघाली तर या डिस्कवर बसता येत नाही, असे साफ सांगते.

डिस्क पुसली तर प्रश्न मिटतो. पण ग्राहक जाताना बजावून गेलेला असतो, "सी मारा, डीले हात लावू नका." आहे तो डेटा राखून एमबीआरचे जीपीटी करणारे 'एमबीआर२जीपीटी' हे अवजार विंडोज १०मध्ये २०१७पासून आहे. त्याची अट अशी की डिस्कवर तीनहून जास्त प्रायमरी विभाग नसावेत आणि एक्स्टेंडेड विभाग तर मुळीच नसावा. जुन्या शिरस्त्याने पाडलेला डी ड्राइव्ह नेमका एक्स्टेंडेडच्या पोटात असतो. मग फोन करून विचारावे लागते, डीमध्ये आहे तरी काय? "काही नाही हो, भाच्याच्या लग्नाची शूटिंग आहे. दोनशे जीबी." सोळा जीबीच्या पेनड्राइव्हात ती मावत नाही, मग तो कितीही उभयमान्य असो.