काका, जोरात फुंका

परवा रात्री साडेअकराला भाच्याच्या साखरपुड्याहून घरी येत होतो. पोटात दोन वाट्या मठ्ठा, मागच्या सीटवर घोरणारी सौ. पुलाच्या तोंडाशी बॅरिकेड. हवालदारानं खिडकीतून नळी पुढे केली. "काका, फुंका."

फुंकलं. यंत्र ढिम्म.

"सलग फुंका. मध्ये थांबू नका."

मी कपाळाच्या शिरा ताणून फुंकत असताना शेजारून एक काळी, लांबलचक गाडी आली. काच चार बोटं खाली झाली, आतून काहीतरी पुटपुटलं गेलं आणि बॅरिकेड अदबीनं बाजूला सरकलं.

घरी येऊन कायदा काढला. मोटार वाहन कायद्याचं २०३ कलम म्हणतं, चालक प्यायलेला असल्याचा संशय घ्यायला वाजवी कारण असेल, तर गणवेशातला पोलीस त्याला फुंकायला सांगू शकतो. सगळी गोम या संशयात आहे. संशयाला वर्ग कळतो. तो दुचाकीवाल्याला येतो, रिक्षावाल्याला येतो, मठ्ठा प्यायलेल्या माझ्यासारख्या जुन्या हॅचबॅकवाल्यालाही येतो. पण चढवलेल्या काचेवर टकटक करायची म्हटली की त्याला एकदम संकोच वाटू लागतो.

पुण्यात २०२४ च्या मे महिन्यात नंबरप्लेट नसलेली पोर्शे शहरात फिरत होती. नोंदणीचे १,७५८ रुपये भरायचे राहिले होते. बिननंबरी गाडी, शनिवारची रात्र, पबचा परिसर. वाजवी कारण म्हणतात ते आणखी कसं असतं? कल्याणीनगरला तिच्या धडकेत दोन तरुण अभियंते जिवानिशी गेले, तेव्हा कारणं सापडायला लागली. चालक सतरा वर्षांचा. त्याला जामिनासाठी सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावर सगळ्यांचे विनोद करून झाले. मला जास्त आठवतं ते रक्त. पोलिसांचंच म्हणणं, की ससून रुग्णालयात मुलाचा नमुना कचऱ्याच्या डब्यात गेला आणि त्याजागी आईचं रक्त आलं.

श्वासाचं असं करता येत नाही. रस्त्यावर, चारचौघांदेखत, ज्याचा त्यालाच फुंकावा लागतो आणि आकडा तिथल्या तिथे दिसतो. पुढे रक्त काढतात ते काढोत, पण आधी हा आकडा हाती हवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही आपली मर्यादा. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कायद्याचे दात काही पडलेले नाहीत. चावायचं कुणाला, हे मात्र बॅरिकेडवर ठरतं.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सनं १९८२ च्या डिसेंबरात हा संशयच काढून टाकला. थांबवला तो फुंकणार. डोळे लाल नसले तरी, झोकांड्या नसल्या तरी. यात अपमान कुणाचाच नाही, कारण कुणावर आरोपच नाही. विमानतळावर पट्टा काढताना आपण कुठे म्हणतो, मी काय अतिरेकी दिसतो? पट्टा हातात, पँट सावरत मुकाट्यानं पुढे सरकतो.

आपल्याकडे सक्तीचा मुहूर्त वर्षातून एकदाच लागतो, ३१ डिसेंबरला. एक खातं बारना पहाटे पाचपर्यंत परवानगी देतं आणि दुसरं खातं बाहेरच्या चौकात नळी घेऊन उभं राहतं. आत भरा, बाहेर भरा, तिजोरी एकच. आणि चौक कोणता, हे मद्यपींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साडेनऊलाच आलेलं असतं. मग वेलदोडा चघळत आतल्या गल्लीनं घरी. (वेलदोड्यानं तोंडाचा वास बदलतो, रक्तातला आकडा नाही. हे त्यांना कुणी सांगत का नाही?)

असो. तिसऱ्यांदा फुंकलं तेव्हा एकदाचं यंत्र बोललं. शून्य. हवालदारानं ते झटकलं, कानाशी धरून हलवलं, पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"प्यायला नाहीत, मग फुंकायला एवढा वेळ का लावलात?"

सौ. मागून जागी झाली. म्हणाली, "अहो, जिना चढताना पण त्यांचं असंच होतं."