थंडी पाळण्याचे शास्त्र

लार्कस्पर लावायचा निर्णय पुण्यात बहुधा जानेवारीतच होतो. कुणाच्या तरी बागेत निळ्या-जांभळ्या फुलांचे कमरेएवढे तुरे दिसतात, फोटो काढले जातात आणि घरी पोचण्याआधीच बियांचं पाकीट खिशात आलेलं असतं. ते त्याच संध्याकाळी पेरायचा मोह होईल. पेरू नये. जानेवारीत पेरलेलं रोप अंग धरेपर्यंत होळी पेटते.

आधी या झाडाचा स्वभाव समजून घ्या. मूळ गाव भूमध्य समुद्राच्या आसपास. तिकडे शरदातल्या पावसावर बी रुजतं, अख्खा हिवाळा रोप जमिनीलगत पानं पसरून बसतं, वसंतात फुलतं आणि ऊन तापलं की बी टाकून मोकळं होतं. उन्हाळा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही. बी रुजायला साधारण १० ते १५ अंश तापमान हवं. १८-२०च्या पुढे गेलं की बहुतेक बी मातीत गपगुमान पडून राहतं आणि आपण श्रद्धेने रिकाम्या कुंडीला पाणी घालत राहतो.

अडचण अशी, की पेरणीची तयारी करायची ऑक्टोबरात आणि तेव्हा पुण्यात ऑक्टोबर हीट असते. म्हणून थंडी घरातच निर्माण करावी लागते. ओलसर टिश्यूपेपरात बी गुंडाळून झिपच्या पिशवीत घालावं आणि फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात दहा-पंधरा दिवस ठेवावं. फ्रीजरमध्ये नव्हे. तांत्रिकदृष्ट्या हे सोपं आहे, प्रशासकीयदृष्ट्या नाही. भाजीच्या कप्प्यात अगोदरच कोथिंबीर, कढीपत्ता, अर्धं लिंबू आणि कुणीच न संपवलेलं बीट असतं. तिथे माती लागणाऱ्या वस्तूला प्रवेश मिळवायचा तर सकाळचा चहा स्वतः करून, विषय हळूच काढावा. ‘दोनच आठवडे’ असं म्हणावं. ‘शास्त्रीय प्रयोग’ हा शब्द टाळावा. मागच्या प्रयोगाची आठवण निघते.

पिशवीवर मात्र लाल शाईने ‘विषारी’ असं ठळक लिहा, आणि यात विनोद नाही. लार्कस्पर बचनागाच्या कुळातलं आहे; सगळं झाडच विषारी, बी तर विशेष. कलौंजीही याच कुळातली, पण ती सज्जन निघाली. दोन्हींचं बी काळं आणि बारीक, त्यामुळे चष्मा न लावता लोणचं घालणाऱ्या ज्येष्ठांना पिशवी आधी दाखवून ठेवावी. लहान मुलं आणि मांजर असलेल्या घरात कुंडी कुठे ठेवायची हेही तेव्हाच ठरवावं.

दिवाळीचे फटाके थांबले आणि पहाटे पंखा बंद करायला कुणीतरी उठू लागलं, की पेरणीची वेळ झाली. बी थेट कायमच्या कुंडीतच पेरा; याचं सोटमूळ हलवलेलं खपवून घेत नाही. वर अर्धा सेंटीमीटर माती हवी, कारण रुजायला अंधार लागतो. दोन-तीन आठवडे काही दिसणार नाही. रोज बोटाने उकरून बघणाऱ्यांना आणखी काही आठवडे काही दिसणार नाही.

आता तापमानाची नोंद. पुणेकर कुठेही राहत असला तरी थंडी सांगताना पाषाणची सांगतो. पेपरात पाषाणला ९ अंश छापून आले की कोथरूडच्या चौथ्या मजल्यावरचा माणूस मफलर काढतो. लार्कस्पर पेपर वाचत नाही. चहूबाजूंनी काँक्रीट असलेल्या गच्चीवर दिवसभराची धग रात्री उशिरापर्यंत निघत असते, तेव्हा तिथलाच आकडा खरा. शिवाजीनगरला १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता, ही माहिती पाहुण्यांना सांगायला उत्तम आहे. रोपाला तिचा उपयोग नाही.

खरी लढाई कुंडीत होते. नर्सरीची काळी पिशवी उन्हात तापते आणि आतली मुळं शिजतात. मातीची कुंडी घ्या. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि ती गार राहते. कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवा, मातीवर पालापाचोळा पसरा, पाणी सकाळी द्या. ऊन सकाळचं भरपूर; फेब्रुवारीत दुपारपुरती हिरवी शेडनेट. काही मंडळी कुंडीत बर्फाचे खडे टाकतात. झाडाला गार रात्र हवी असते, सरबत नव्हे. काहींनी कुंडी एसीच्या खोलीत नेल्याचंही ऐकिवात आहे. तिथे उजेडाविना रोप बारकं होऊन आडवं पडतं आणि विजेचं बिल तेवढं उभं राहतं.

दिवस ऊबदार आणि रात्री गार अशा दिवसांत पानांवर भुरी येते. कुंड्या ऐसपैस ठेवल्या, पानं भिजवली नाहीत, की बरंचसं निभावतं. मावा दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा.

मार्चमध्ये खालची पानं पिवळी पडू लागतील. लगेच खत घालायला धावू नका, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून निदानही मागू नका. झाड आजारी नाही, निघालं आहे. शेंगा तपकिरी होऊन तोंड उघडायच्या आत खुडून कागदी पाकिटात भरा, पुन्हा लाल शाईने लिहा. फ्रिजमधली जागा मात्र तेव्हाच बोलून ठेवा. मे महिन्यात आमरसाचे डबे आले की तिथे कुणाचं काही चालत नाही.