फाट्यावरचे नाना

वडीगोद्रीच्या फाट्यावर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. समोरून धुळे-सोलापूर महामार्ग जातो, जालन्याचा रस्ता इथंच फुटतो, त्यामुळं गल्ल्यावर बसल्या बसल्या अर्धा मराठवाडा बघायला मिळतो. तरी लक्षात राहिलेलं गिऱ्हाईक एकच, नाना. बँकेत कॅशियर होते. निवृत्तीनंतर समोरची जाळी तेवढी गेली, बाकी माणूस अजून काउंटरवरच बसलेला आहे.

तीन नाणी परत दिली तरी नाना बोट ओलं करून मोजतात. मग भिंतीवरची पाटी वाचावी तसं स्वतःलाच बजावतात, "काउंटर सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी." काकू म्हणतात, ताटात भाकर वाढली तरी हेच. चहाच्या टपरीवर पावती मागणारा माणूस आमच्या गावात दुसरा नाही. टपरीवाल्यानं एकदा वैतागून बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर 'दोन चहाचे पैसे पोचले' असं लिहून दिलं. त्याला वाटलं, म्हातारा वरमेल. नानांनी कागदाची घडी केली, वर तारीख टाकायला लावली आणि घरी जाऊन फाईलला लावला.

असा एक नाना गावोगाव असतो. लग्नात आहेराच्या वहीवर त्याला बसवतात, सप्त्याची वर्गणी त्याच्याकडं देतात, आणि हिशेब सांगायला तो उभा राहिला की सगळ्यांना अचानक घरची कामं आठवतात.

आमच्या नानांना मात्र ऐकणारे सापडले. पैठणच्या डाव्या कालव्याचं पाणी, त्यावरचा ऊस आणि जवळच अंकुशनगरचा समर्थ कारखाना, असा हा पट्टा. दिवाळीच्या आगंमागं कारखान्याचा बॉयलर पेटला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कुणी बीडकडचे, कुणी मंठा-परतूरचे. चार दिवसांत मोकळ्या रानात खोपी उभ्या राहतात. रेशनकार्ड गावाकडं, बँकेचं खातं गावाकडं, शाळेतलं नाव गावाकडं, आणि माणूस इथं. घर आपल्याच राज्यात असलं तरी पाच महिने निर्वासितासारखेच जायचे. नाना म्हणतात, "नवीन ठिकाणी आलेल्या माणसाला आधी पाणी दाखवावं, मग बँक."

पाणी कुणीतरी दाखवतंच. बँकेसाठी नाना संध्याकाळी लुना घेऊन खोपींवर जातात. पिशवीत माझ्याकडच्या चाळीस पानी वह्या (दर नगाला घासाघीस करून घेतलेल्या, बिलासकट) आणि पैसे भरायच्या जुन्या स्लिपांचा गठ्ठा. दिवसभर फडात मोळ्या वाहून आलेली पंधरा-वीस वर्षांची पोरं मोबाईलच्या उजेडात बसतात. मी एकदा बघायला म्हणून गेलो, तर नानांनी मलाही स्लिप भरायला लावली आणि सही जुळत नाही म्हणून परत केली.

पहिला धडा पासबुकाचा. जवळजवळ सगळ्यांकडं खातं असतं. 2014 साली जनधन योजना आली, त्यानंतर कधीतरी आईबापांनी काढून दिलेलं, झीरो बॅलन्सचं. पण खात्याला जोडलेला मोबाईल कुणाचा, विचारलं की पोरं एकमेकांकडं बघतात. एकाचा नंबर बंद पडलेला, एकाचा चुलत्याचा, एकाचा थेट टोळीच्या मुकादमाचा! नाना कपाळावर हात मारतात. "अरे, पैसे तुझे, आन् मेसेज त्याला?" एका पोरानं एटीएमचा पिन कार्डाच्या पाकिटावरच लिहिला होता, वर लाल पेनानं अधोरेखित. त्या रात्री नाना जेवले नाहीत, असं काकू सांगतात.

दुसरा धडा, फोनवर ओटीपी मागणारा कोणीही असो, साहेब नाही, चोर आहे. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 ला फोन करायचा. हा नंबर ते पाढ्यासारखा म्हणून घेतात. तिसरा, वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा. "वीस रुपयांत हल्ली दोन चहा येतात," हे वाक्य दरवेळी येतं, आणि त्या चहाची पावती आपल्याकडं आहे हेही दरवेळी येतं. चौथा धडा बहात्तरचा. वर्षाच्या व्याजाचा जो दर असेल त्यानं बहात्तरला भागायचं, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट. बँकेत सहा टक्के मिळाले तर बारा वर्षं. सावकाराचं शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस, की दोनच वर्षं. "बँकेत पैसा चालत येतो, बरं का पोरांनो, आन् सावकाराकडं पळत जातो."

ह्या वाक्यावर ते थोडं थांबतात. कुणीतरी हसावं अशी अपेक्षा असते.

सगळ्यात लाडका धडा 'अक्षरी रुपये'चा. रक्कम अक्षरात लिहायची आणि शेवटी 'फक्त' लिहायचं. "फक्त लिहिलं नाही तर पुढं कुणीबी काहीबी वाढवील." पोरांना सराव म्हणून घरची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, लिहायला सांगितली. एका पोरीनं लिहिलं, 'एक लाख रुपये फक्त', आणि पेन थांबवून विचारलं, "नाना, लाखाला फक्त म्हणायचं?"

पोरगी सतरा वर्षांची. धाकटा भाऊ ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काढलेल्या संत भगवानबाबा वसतिगृहात शिकतो, ही आईबापांबरोबर फडात. नानांनी बचतीवर बोलायला सुरुवात केली, तसं तिनं तोंडीच गणित मांडलं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढला, टनाला 273 चे 366 झाले. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते असं धरा. लाखाची उचल फिटायला 273 टन लागतात. म्हणजे 137 दिवस. "एक बी खाडा न करता, नाना. मधी कुणी आजारी पडायचं नाही, किराणा आणायचा नाही. आता सांगा, बचत कोणत्या दिवशी करायची?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उत्तर पासबुकात नव्हतं. लुना ढकलत घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझं शटर वाजवलं. "मालक, डझनभर वह्या काढा. आन् पेनं, न गळणारी."

त्या दिवसापासून बचतीचा धडा मागं पडला आणि वहीचा पुढं आला. टोळीत वही असते ती मुकादमाची. उचल त्याच्या वहीत, खाडे त्याच्या वहीत, खेपा त्याच्याच वहीत. नानांचं म्हणणं एवढंच, की तुमचीबी एक असू द्या. तारीख, गाडी, काट्यावरचं वजन, पावतीचा नंबर. "खोटं लिहू नका, राहू देऊ नका, आन् दुसऱ्याच्या वहीवर झोपू नका."

हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला, हिशेबाचा दिवस आला. पोरीच्या वहीत मुकादमाच्या वहीपेक्षा तीन खेपा जास्त निघाल्या. "ही कुठली वकील?" मुकादम चिडला, पण दोन खेपांच्या पावत्या वहीला टाचलेल्या होत्या. त्या त्यानं धरल्या. तिसऱ्या खेपेची पावती पावसात गेलेली, ती धरली नाही. शेवटी बाकी निघालीच, पुढच्या सालावर गेली, पण दोन खेपांनी कमी होऊन.

नानांना त्या तिसऱ्या खेपेनं खाल्लं. दोन टन, म्हणजे 732 रुपये. तिसऱ्या दिवशी टोळी ट्रॅक्टरवर सामान चढवत होती, तेव्हा नाना गेले, मलाही साक्षीला नेलं. पाकीट पोरीच्या हातात दिलं आणि जन्मात पहिल्यांदा हिशेबात खोटं बोलले. "मुकादमानं पाठवलेत. धरली त्यानं तिसरी खेप."

पोरीनं बोट ओलं केलं. मोजले. म्हणाली, "पावती?"

नाना माझ्याकडं बघायला लागले. मी ट्रॅक्टरचं चाक बघायला लागलो.

"मुकादमानं दिले तर त्याची सही पाहिजे, नाना. तुम्हीच शिकवलंय." मग ती हसली. गाठोड्यातून वही काढली, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवून लिहिलं आणि नानांसमोर धरलं, 'नानांकडून उसने, रुपये सातशे बत्तीस. परतफेड पुढच्या बॉयलरला.'

"करा सही."

नानांनी चष्मा लावला. ओळ एकदा वाचली, दोनदा वाचली. डोळे भरले होते, पण पेन काही खाली येईना. मला वाटलं, म्हातारा आता रडणार.

"फक्त राहिलं," नाना म्हणाले.