काळ्या रानात रुतलेली गाडी : नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

बर्फात अडकलेली गाडी कशी काढावी, याचे व्हिडिओ फोनवर हवे तेवढे सापडतात. दुधनीच्या शिवारात त्यांचा उपयोग शून्य. इथे बर्फ पडत नाही, सप्टेंबर पडतो. सोलापूर जिल्ह्याचं नाव अवर्षणप्रवण म्हणून सरकारदरबारी पक्कं असलं, तरी वर्षातला सर्वांत जास्त पाऊस तो सप्टेंबरात उरकून घेतो. उडीद निघालेला असतो, ज्वारीची पेरणी तोंडावर असते. त्याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या गाड्या अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेऊन, मैंदर्गी-दुधनी करत गाणगापूरकडे निघतात. फोनमधली बाई ‘जवळचा रस्ता’ म्हणून कुठल्यातरी पाणंदीकडे वळायला सांगते. पुढचं मार्गदर्शन ती करत नाही. ते खाली दिलं आहे.

साहित्य : गाडी एक. तागाची पोती दोन-तीन. फावडं, जॅक, एक फळी, जाड दोर किंवा साखळी. ट्रॅक्टरवाल्याचा नंबर. यातली शेवटची वस्तू असेल तर बाकीच्या नसल्या तरी चालतं.

पायरी 1. माती तपासा. ही पायरी गाडी डांबरावर असतानाच करायची असते, म्हणून कुणी करत नाही. शेतकरी वाफसा बघतो तसा बघा. मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर वाफसा आहे, जा. गोळा तसाच राहिला, किंवा मुळात तुमच्या हातातून सुटलाच नाही, तर गाडी वळवा. वरून सुकलेली पापुद्र्याची माती पाहून फसू नका. खाली बोटभर खणून मग गोळा करा.

कारण साधं आहे. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन ही रेगूर माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिच्या बारीक थरांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात हीच माती आकसून इतकी भेगाळते की भेगेत हात जावा. रब्बीची ज्वारी साठवलेल्या ओलीवर येते ती या पाणी धरून ठेवण्याच्या गुणामुळेच. गुण तोच आहे. फक्त या वेळी तिने तुमचं चाक धरलं आहे.

पायरी 2. रुता. यासाठी विशेष कौशल्य लागत नाही. समोर पाणी साचलेलं दिसलं की मनात ‘निघेल’ म्हणा, आणि अर्ध्यात गेल्यावर घाबरून ब्रेक दाबा. (साचलेलं पाणी आणि वाहतं पाणी यांत मात्र गल्लत नको. ऑक्टोबर 2020 मध्ये बोरी नदीच्या पुराने अक्कलकोट तालुक्यात काय केलं ते इथल्या माणसांना विचारा. पुलावरून पाणी वाहत असेल तर ही मार्गदर्शिका मिटून माघारी फिरा.)

पायरी 3. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. सगळ्यांत अवघड पायरी हीच. रुतलेल्या माणसाला वाटतं की इंजिनात अजून ताकद शिल्लक आहे. ती असतेच, पण साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला पकड नाही तेच चाक फिरत राहतं. पकड असलेलं चाक शांतपणे बघत बसतं. फिरणारं चाक टायरच्या खाचांमध्ये माती भरून घेतं, खाचा बुजल्या की टायर गुळगुळीत होतो आणि स्वतःसाठी खड्डा खणू लागतो. तुमच्या प्रत्येक ‘घर्र’ला गाडी इंचभर खाली जाते. हा आवाज शिवारात लांबवर ऐकू जातो, हा त्याचा एकमेव फायदा. थोड्याच वेळात बांधावरून कुणीतरी ओरडेल, “पाव्हणं, कशाला रेस करायलाव ओ? उतरा की खाली!” उतरा.

पायरी 4. गाडीचं पोट बघा. चपला गाडीतच ठेवा; पहिल्या पावलाला एक जाईल, ती शोधताना दुसरी जाईल. वाकून बघा. पोट जमिनीपासून सुटलेलं असेल तर आशा आहे. चाकांपुढची आणि मागची माती फावड्याने उतरती करा, स्टिअरिंग सरळ ठेवा, ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर ते बंद करा, कारण चाक घसरलं की ते इंजिनाचा जोरच तोडतं. मग हळू पहिला गिअर, हळू रिव्हर्स, पुन्हा पहिला, असं पाळण्यासारखं मागेपुढे करत राहा. टायरमधली हवा 32-33 वरून 20-22 पर्यंत उतरवली तर टायर पसरून पकड वाढते. नंतर पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश जायचं आहे, हे लक्षात ठेवा. पोट टेकलेलं असेल तर थेट पायरी 8.

पायरी 5. पोती घाला. दुधनी बाजार समितीचं गाव आहे. बारदान मिळायला अडचण नाही. पण पोतं तागाचंच घ्या. युरियाचं प्लास्टिकचं पोतं चाकाखाली घातलं, तर चाक ते गिळतं आणि मागे ढकलणाऱ्याच्या छातीवर भिरकावतं. पोतं चाकाच्या पुढे नुसतं पसरू नका, कड चाकाखाली खुपसा. आणि ते जोर लागणाऱ्या चाकाखाली घाला. बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, तरी पोती मागच्या चाकांखाली घालण्याची परंपरा मोठी आहे.

जवळ तुरीच्या काड्यांचा ढीग असेल तर विचारून घ्या; आडव्या, दाट अंथरा. शेजारी कडब्याची गंज असेल तर तिच्याकडे बघूही नका. कडबा म्हणजे जनावरांचं वर्षाचं जेवण. तो तुमच्या चाकाखाली गेला तर गाडी निघेल, तुम्हाला निघता येणार नाही. मोकळं वावर दिसलं म्हणून तुरीच्या खुंटांवरूनही गाडी घालू नका. तिरपे कापलेले ते खुंट टायर फाडतात.

पायरी 6. माणसं जमू द्या. दुधनीला सीमाभागाची रीत आहे. ढकलणाऱ्यांत मराठी आणि कन्नड एकाच दमात चालतं. ‘मुंद’ म्हणजे पुढे, ‘हिंद’ म्हणजे मागे, ‘साकु’ म्हणजे बस. एवढं आलं की पुरे. सूचना एकानेच द्यावी, आणि तो एक तुम्ही नसावं. फिरणाऱ्या चाकाच्या बरोबर मागे कुणाला उभं करू नका.

पायरी 7. सल्ले ऐका. टोरांटोचा मेव्हणा व्हिडिओ कॉलवर मीठ, वाळू किंवा मांजराच्या शौचाची खडी टाकायला सांगेल. तिकडे मिठाने बर्फ वितळतो. इकडे फक्त मीठ वाया जातं. बांधावरचे काका हा रस्ता मुळात कुणाचा यावर बोलतील. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 प्रमाणे तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. ती मुरमाची असेल असं त्या कलमात कुठेही म्हटलेलं नाही. शेत-पाणंद रस्त्यांसाठी 2021 मध्ये मातोश्रींच्या नावाची योजनाही आली. तुमचं चाक जिथे आहे तिथवर ती पोचलेली नाही, एवढं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता.

पायरी 8. ट्रॅक्टर बोलवा. खरं तर पायरी 3 नंतर लगेच हीच करायची होती, पण मग घरी सांगायला काही उरलं नसतं. टूलकिटमध्ये जॅकजवळ एक जाड कडीचा बोल्ट असतो. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून तो आत फिरवायचा. अनेक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. उजवीकडे फिरवून बसत नसेल तर शिव्या देण्याआधी डावीकडे फिरवा. दोर बंपरला बांधलात तर बंपर नक्की बाहेर येईल, गाडीची खात्री नाही. कासऱ्याने ओढू नका, तो बैलासाठी आहे. ट्रॅक्टर घट्ट जमिनीवर उभा करून दोर लांब ठेवा. आधी दोर ताणून घ्या, मग सावकाश ओढा. हिसका देऊ नका. ताणलेल्या दोराच्या आसपास कुणीही उभं राहू नये. तुटलेली साखळी कुणाचं नाव विचारत नाही.

पायरी 9. हिशेब करा. “किती द्यायचे?” असं विचारलं की “राहू द्या ओ” असं उत्तर येतं. ते खरं मानू नका. पुन्हा विचारा, मग डिझेलचे म्हणून द्या. तागाची पोती परत करताना धुऊन द्या.

पायरी 10. चाकं आतून साफ करा. गाडी वरून धुऊन निघालात, की हमरस्त्यावर वेग घेताच स्टिअरिंग थरथरू लागतं. गॅरेज शोधत धावू नका. रिमच्या आत वाळून बसलेल्या मातीने चाकाचा तोल घालवला आहे. काठीने खरवडून काढा. ती काढताना कळेल की दोन तासांपूर्वी जी घसरत होती, तीच आता विटेसारखी झाली आहे.

आणखी एक पद्धत आहे, सर्वांत स्वस्त. गाडी डांबराच्या कडेला लावायची आणि शेतापर्यंत चालत जायचं. ती इथे सविस्तर दिलेली नाही. जे ती वापरतात, त्यांनी ही मार्गदर्शिका कधी उघडलेली नाही.