जबाबदारीने खेळा म्हणणाऱ्या आवाजास

रा. रा. जलदवाचे यांस,


तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही आणि तोंडही कधी पाहिलेलं नाही. पण गेली काही वर्षं आयपीएलच्या दर दोन षटकांमागे तुम्ही न बोलावता आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन गेलात, तेव्हा काहीतरी नाव ठेवणं भाग होतं. आवडलं नाही तर कळवा. सावकाश कळवा म्हणजे झालं.

षटकार ठोकणारा खेळाडू, त्याच्या गळ्यात पडणारा सिनेनट, गच्चीवर नाचणारी पोरं, 'टीम बनव आणि कोटी जिंक' हे सगळं अगदी निवांत चालायचं. मग शेवटच्या दोन सेकंदांत तुम्ही यायचात. या खेळात आर्थिक जोखीम आहे, त्याची सवय लागू शकते, कृपया जबाबदारीने आणि स्वतःच्या जोखमीवर खेळा. एका दमात, स्वल्पविरामसुद्धा न घेता. म्युच्युअल फंडवाल्यांकडे तुमची उमेदवारी झाली असावी असा माझा अंदाज आहे.

गंमत म्हणजे सबंध जाहिरातीत खरं बोलणारे तुम्ही एकटेच होतात. पैसे जातील हे तुम्ही सांगितलंत, चटक लागेल हेही सांगितलंत. फक्त ऐकणाऱ्याला कळू नये एवढी काळजी घेतलीत. जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून या जाहिरातींसाठी नियम लागू केले. छापील जाहिरातीत इशाऱ्याला किमान २० टक्के जागा द्या, अठरा वर्षांखालचं कुणी दाखवू नका, हा खेळ म्हणजे कमाईचं साधन आहे असं भासवू नका, आणि दृक्‌श्राव्य जाहिरातीत इशारा नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने वाचा. नेहमीच्या! आता मला सांगा, घरी पानं वाढली की तुम्ही मुलांना याच वेगाने हाक मारता का? आणि ती येतात का?

तुम्हाला गुन्हेगार धरून मी थेट तुमच्याच दारात आलो, याचा राग मानू नका. आधी बाकीच्यांची दारं ठोठावून झाली. कंपनीला विचारलं तर ती म्हणाली, हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, कोर्टानेच सांगितलंय. खेळाडू म्हणाला, कंपनी कायदेशीर आहे. क्रिकेट मंडळ म्हणालं, प्रायोजक कायदेशीर आहे. सरकार म्हणालं, कर भरतायत ना? असं एकेकाने बोट पुढे दाखवलं आणि रांगेत शेवटी फोन हातात धरलेला एक पोरगा उरला. सगळी जबाबदारी त्याची आहे, हे त्याला सांगायचं काम ज्याच्याकडे होतं ते तुम्ही.

या देशात क्रिकेटवरची पैज कायदेशीर करणारा कायदा संसदेने कधी केलाच नाही, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का? सूचना झाल्या होत्या. स्पॉट फिक्सिंगच्या चिखलानंतर नेमलेल्या लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये सुचवलं की सट्टा कायदेशीर करा, पण खेळाडू आणि पदाधिकाऱ्यांना त्यापासून लांब ठेवा. विधी आयोगाने जुलै २०१८ मध्ये आपल्या २७६ व्या अहवालात म्हटलं की बंदी पेलवत नसेल तर निदान लगाम घाला. परवाना, आधार आणि पॅनची जोडणी, रोखीचा व्यवहार नाही, किती वेळा आणि किती रकमेचं खेळावं याला मर्यादा, आणि सरकारी अनुदानावर जगणाऱ्याला तर आत प्रवेशच नाही. पटो न पटो, माणसाने विचार करून लिहिलेलं ते काहीतरी होतं. अहवाल कपाटात गेला. लगाम कपाटात राहिला आणि घोडा तेवढा बाहेर आला.

तो आला कोर्टाच्या वाटेने. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, बक्षिसाच्या शब्दकोड्यांच्या खटल्यात, जिथे कौशल्याचा वरचष्मा आहे तो जुगार नव्हे अशी रेघ ओढली. चमारबागवाला यांची कोडी त्या रेघेच्या आत बसली नाहीत, रेघ मात्र राहिली. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती तिच्या आत आल्या. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फँटसी क्रिकेटला, म्हणजे तुमच्या त्या टीम लावायच्या खेळालाही, आत घेतलं. मग दार सताड उघडलं आणि दाराशी तुम्हाला उभं केलं.

कौशल्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. वानखेडेवर रात्री दव पडतं, दुसऱ्या डावात चेंडू हातातून निसटतो, हे कळणाऱ्याला कळतंच. पण हे कौशल्य मोठं लहरी निघालं. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या पोराने टीम लावली तर ते कौशल्य, आणि तोच पोरगा रेल्वेने तेलंगणातल्या बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेला की गोदाकाठी तोच जुगार, कारण तेलंगणाने पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ २०१७ मध्ये बंद केले होते. विद्येच्या देवतेच्या दारात कौशल्य संपावं, याला काय म्हणायचं?

आमच्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून आहे, आणि त्याचं कलम १२ (अ) तालुक्याच्या बातम्या वाचणाऱ्याला पाठ आहे. बसस्टँडमागच्या टपरीच्या आडोशाला कल्याण मटक्याचे आकडे घेणारा एक इसम, रोख रक्कम आणि जुगाराचं साहित्य जप्त. साहित्य म्हणजे एक बॉलपेन आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक. अशी बातमी आतल्या पानावर चार ओळींत यायची, आणि त्याच अंकाचं पहिलं पान फँटसीच्या जाहिरातीने भरलेलं असायचं. मटकेवाल्याची बाजू घ्यायचा माझा विचार नाही. कापसाच्या न्यूयॉर्कहून येणाऱ्या भावावर मुंबईत आकडा लागायचा तेव्हापासून त्या धंद्याने गिरणगावातले किती पगार खाल्ले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण मटक्याचे राजे कल्याणजी भगत किंवा रतन खत्री यांनी भारतीय संघाच्या छातीवर आपलं नाव छापून घेतलं नव्हतं. ओपन-क्लोज लावणाऱ्याला आपण चोरून काहीतरी करतोय हे माहीत असे. बायकोपासून चिठ्ठी लपवताना त्याचा हात जरा तरी कापे. ती भीती तुमच्या लोकांनी काढून घेतली.

संध्याकाळी सात वाजता चहाच्या टपरीवर कधी उभे राहिलात का, जलदवाचे? मी राहायचो. सातला नाणेफेक, साडेसातला सामना. नाणेफेकीबरोबर अकरा नावं जाहीर होत, 'लाइनअप आली' असं कुणीतरी ओरडे आणि पुढचा अर्धा तास टपरीवर चहा गार होई. शंभर क्रेडिटमध्ये अकरा जण बसवायचे. कॅप्टनला दुप्पट गुण, व्हाइस कॅप्टनला दीडपट. टेलिग्रामवरच्या कुणा 'एक्स्पर्ट'ची टीम उतरवून घ्यायची आणि त्यातला एक बदलायचा, म्हणजे ती आपली झाली. प्रवेश ४९ रुपये. एकाच स्पर्धेत लाखो टीम, आणि एकाच माणसाच्या कितीतरी. कंपनी आपला वाटा आधीच बाजूला काढायची, उरलेल्यातून बक्षिसं. कोण जिंकणार याची चिंता जिला कधीच करावी लागत नसे अशी त्या टपरीवरची एकमेव पार्टी म्हणजे कंपनी. आणि ४९ रुपयांत जातंय काय? दोन चहा, एक वडापाव. रोज, आणि सामने दोन असले की दोनदा.

आमच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याने पोराला इंजिनिअरिंगला पुण्यात ठेवलं. खातं दोघांच्या नावाचं. एकदा ते बँकेत पासबुक भरून घ्यायला गेले तर मशीन थांबेना. एक पान झालं, दुसरं झालं, पासबुक संपलं, नवीन घ्यावं लागलं. ओळीमागून ओळ ४९, ४९, ९९, ४९, मध्येच ५००, पुन्हा ४९. प्रत्येक ओळीत तेच नाव. त्यांना वाटलं, क्लासची फी दिसतेय, हप्त्याहप्त्याने घेतात वाटतं. काउंटरवरच्या मुलीला कळलं होतं, पण ती काही बोलली नाही. गावी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "एवढे क्लास कशाचे असतात हो?" मी काय उत्तर दिलं ते सोडा. तुम्ही काय दिलं असतंत? आणि किती सेकंदांत?

क्रिकेट मंडळाची आठवण काढल्याशिवाय तुमचं चरित्र पुरं व्हायचं नाही. २०१३ मध्ये सट्ट्यावरून रान पेटलं. २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान हे दोन संघ दोन वर्षांसाठी बाद झाले. सट्टा म्हणजे क्रिकेटचा कर्करोग वगैरे भाषणं झाली. पाच वर्षांनी, २०२० मध्ये, आयपीएलच्या नावापुढे ड्रीम इलेव्हन या फँटसी कंपनीचं नाव लागलं, २२२ कोटींना. २०२३ मध्ये तेच नाव भारतीय संघाच्या जर्सीवर आलं, तीन वर्षांचे ३५८ कोटी. रोगाशी लढायची ही पद्धत वैद्यकशास्त्राला अजून उमगलेली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमदार बच्चू कडू यांनी वांद्र्यात सचिन तेंडुलकरच्या घरासमोर आंदोलन केलं: भारतरत्नाने ऑनलाइन गेमची जाहिरात करू नये, एवढंच मागणं. चॅनेलवाल्यांना दिवसभराची करमणूक झाली. तुमच्या घरासमोर मात्र कुणी गेलं नाही, पत्ताच नव्हता ना.

सरकारही मागे नव्हतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळात टाकलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. जिंकलेल्यावर ३० टक्के आयकर वेगळा. हरलास तरी सरकारचे आधी, जिंकलास तरी सरकारचे आधी. मग ऑगस्ट २०२५ मध्ये अचानक साक्षात्कार झाला. सरकारच्याच अंदाजाने ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये या खेळांत घालवत होते. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. तुमच्या वाचनापेक्षाही वेगाने कायदा झाला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ बंद; चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, जाहिरात करणाऱ्याला दोन. आशिया चषकात आपला संघ कोऱ्या छातीने उतरला आणि सोसायटीच्या ग्रुपवर काही जण हळहळले, बिचाऱ्या मंडळाचं नुकसान झालं म्हणून.

आपल्या राज्याने या कायद्याच्या तीन आठवडे आधीच क्रीडा धोरण स्पष्ट केलं होतं. विधान परिषदेत बसलेल्या तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या फोनवर रमी दिसणारी चित्रफीत फिरली. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेलं ते बंद करत होतो, असं ते म्हणाले, आणि ते खोटं ठरवायला मी कोण? ३१ जुलैला त्यांच्याकडून शेती काढून घेण्यात आली आणि क्रीडा खातं देण्यात आलं. तुम्ही यावर काही वाचणार होतात का?

आमची अमेरिकेतली, न्यू जर्सीच्या एडिसन गावातली मंडळी म्हणतात, सरळ कायदेशीर करा, सगळं उजेडात येतं. तिथे मे २०१८ मध्ये न्यू जर्सीच्याच खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या पैजेची बंदी उठवली. मग तीसच्या आसपास राज्यांत पैज फोनवर आली, आणि अमुक खेळाडू आज किती गुण करील यावरही लागू लागली. २०२४ मध्ये बास्केटबॉलच्या एनबीएचा जॉन्टे पोर्टर तहहयात बाद झाला: सट्टेवाल्यांना आतली खबर द्यायचा आणि दुखापतीचं निमित्त करून सामन्यातून लवकर बाहेर यायचा. आलं उजेडात. एडिसनच्या टीव्हीवर तुमचा गोरा भाऊबंद जाहिरातीच्या शेवटी मदतीचा फोन नंबर वाचतो. वेग मात्र घराण्याचाच.

तर तुमचं आता काय चाललंय? नोकरी गेली असेल. मागणीही फारशी उरली नसणार, कारण पोरं जिथे गेली त्या परदेशी अ‍ॅपना इशारा द्यायची सक्ती नाही. लिंक टेलिग्रामवर येते, पैसे कुणाच्या तरी भाड्याच्या खात्यात जातात, आणि ते अ‍ॅप बंद पडलं तर तक्रार करायला दारही नाही. बंदीची दुसरी बाजू ही, आणि ती मी नाकारत नाही. पण चटक लागली तेव्हा दार उघडं होतं, दिवे लावलेले होते, आणि दारात भारतीय संघ उभा होता. परदेशी अ‍ॅपना हे गिऱ्हाईक तयार मिळालं.

उद्या हे पुन्हा कायदेशीर होईल, कोर्टाच्या वाटेने किंवा कराच्या. तेव्हा तुम्हाला बोलावणं येईलच, म्हणून मजकूर लिहून ठेवला आहे, मानधन नको. 'तुमच्या पैशातून आमचा वाटा आम्ही आधी काढतो. मग उरलेल्यासाठी तुम्ही आपसात भांडता. गेल्या महिन्यात तुमच्यापैकी इतके हरले, इतके जिंकले, आणि तुम्ही स्वतः आजवर एवढे रुपये घालवलेत.' मोकळ्या जागांत आकडे कंपनीने भरायचे. ते तिच्याकडे पैशापैशाचे आहेत. वाचायला वीस सेकंद लागतील, पोरांचा नाच तेवढा कापावा लागेल.

कळावे. लोभ आहेच, त्यावरच तर तुमचं घर चाललं.

आपला,
टपरीवरचं एक गिऱ्हाईक

ता. क. : पासबुकवाल्या काकांना तुमचा नंबर हवा आहे. क्लासची चौकशी करायची आहे म्हणतात.