अजून थोडं परफेक्ट

ठाकुर्ली पूर्वेला, नव्वद फुटी रस्त्यालगतच्या एका सोसायटीत गाडी लावणे हे दोन माणसांचे काम आहे. एक स्टिअरिंगवर आणि दुसरा मागे उभा राहून हात हलवणारा वॉचमन. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या..." मग बंपर भिंतीला टेकतो, 'टक्' असा आवाज होतो आणि वॉचमन समाधानाने म्हणतो, "बास! परफेक!"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हे सहन होत नसे. उभी हयात पोरांच्या इंग्रजीच्या वह्या तपासण्यात गेलेली. परफेक्ट म्हणजे निर्दोष; 'टक्' झाले तिथेच ते संपले, असे त्यांचे म्हणणे. शिवाय शेवटचा 'ट' कुठे गेला?

खात्री करायला शब्दकोश उघडला आणि पंचाईत झाली. शब्द मुळात लॅटिन, अर्थ 'पुरते केलेले', तडीस नेलेले. म्हणजे गाडी आणखी मागे जाणे नाही, काम संपले, हे वॉचमनने लॅटिनला धरूनच सांगितले होते! उच्चाराची तऱ्हा तीच. चौदाव्या शतकातल्या कवी चॉसरच्या इंग्रजीत फ्रेंचांकडून आलेले 'पार्फिट' होते. मधला 'क' पुढे लॅटिनच्या ओढीने परत आला. फ्रेंचांनी 'क' खाल्ला, ठाकुर्लीने 'ट'. फिटंफाट.

व्याकरणात हा जुना अर्थ अजून टिकून आहे. प्रेझेंट परफेक्ट म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, क्रिया पार पडलेली. उदाहरणार्थ, 'मी निघालो आहे.' डोंबिवलीच्या फलाटावर ताटकळणाऱ्या मित्राला हे वाक्य फोनवर ऐकवताना काकांच्या कमरेला टॉवेल असतो. पण ठाकुर्लीहून डोंबिवली एकच तर स्टेशन!

बाथरूम रंगवायला आलेला रंगारी "अजून परफेक्ट करून देतो" म्हणाला, तेव्हा मात्र काकांच्या कपाळाची शीर उडू लागली. पूर्णाला 'अजून' कसे लागेल? पण १७८७ सालच्या अमेरिकन राज्यघटनेच्या उद्देशिकेतही संघराज्य 'अधिक परफेक्ट' करण्याचीच भाषा आहे. देशाला चालते ते बाथरूमच्या भिंतीला चालायला काय हरकत?

मराठीकडे शब्दांचा तोटा नाही. चोख, बिनचूक, बावनकशी, सोळा आणे. यातला शेवटचा तर फारच इमानी. १९५७ साली रुपयाचे शंभर पैसे झाले, तरी खरेपणा आपण आण्यांतच मोजतो. मात्र मागे येणाऱ्या गाडीला कोणी 'बावनकशी!' असे ओरडत नाही. पाच अक्षरे सुटेसुटे उच्चारेपर्यंत दिव्याची काच गेलेली असते.

परवा वॉचमन गावी गेला होता, म्हणून काकाच मागे उभे राहिले. भिंतीपासून बरोबर वीतभर अंतरावर त्यांनी गाडी थांबवली आणि 'ट'सकट, खणखणीत "परफेक्ट!" म्हटले. गाडीवाला पोरगा उतरला, मागे जाऊन वाकून बघू लागला.

"काका, बरीच जागा आहे की. अजून थोडं परफेक्ट करू या ना!"

तो पुन्हा आत बसला. काकांनी हात हलवला. येऊ द्या, येऊ द्या...

टक्.

"परफेक," काका म्हणाले.